न्हाणीमागं पुरलेली पिशवी

आमच्या गल्लीतल्या सुनांमध्ये पिशवी न काढलेली मी एकटीच उरले होते. पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. आमच्याकडे दात काढला म्हणावं इतक्या सहज पिशवी काढली म्हणतात. ऊसतोडीला कोयता जोडीनं चालतो. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. एक बसला की दुसराही बसला. त्यामुळं अंगावरून जास्त जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं, की बाईनं दसऱ्याच्या, म्हणजे तोडीला निघायच्या, आधी दवाखान्यात जायचं आणि मोकळं होऊन यायचं. मोकळं होणं हाच शब्द वापरतात.

माझी थोरली जाऊ अठ्ठाविसाव्या वर्षी अशी मोकळी झाली. पुढच्या सालापासून फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ऐन पौषाच्या थंडीत, ती अंगाची आग होते म्हणून पदर भिजवून छातीवर घ्यायची. तिशीतच कंबर धरून उठायला लागली. मी शेजारी झोपायचे, हे सगळं बघायचे. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी नाही म्हणाले. त्यात धाडस काही नव्हतं. मी भित्री आहे, लहानपणापासून. आईबापाबरोबर तोडीला जायचं म्हणून सातवीत शाळा सुटली. चकलांब्याच्या शाळेतून दप्तर घेऊन निघाले तेव्हासुद्धा रडले ती शाळेसाठी नाही, आता पुढं काय होईल या धास्तीनं.

पस्तिसाव्या वर्षी परळीला सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, पिशवीत दोन गाठी आहेत, साध्या आहेत. पिशवीची भिंतही सुजून जाड झाली आहे, तेही साधंच, पण दुखेल आणि रक्त जास्त जाईल. मी विचारलं, कॅन्सर नाही ना? ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो बाई, नाही."

तो 'नाही' मी दहा वर्षं धरून बसले. पोटात कळ आली, गाठीमुळं. चक्कर आली, गाठीमुळं. जिना चढताना धाप लागली, गाठीमुळं. शेचाळिसाव्या वर्षी दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडायला लागले, तपकिरी, वास येणारे. तेही मी गाठींच्याच नावावर टाकलं. एरवी पानाच्या सळसळीला भिणारी मी, गाठींनी मला भ्यायचंच विसरायला लावलं. असं वर्षभर चाललं.

शेवटी मालकांनीच, म्हणजे माझ्या नवऱ्यानंच, ऐकलं नाही. ते मला तालुक्याला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. जुनी सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "गाठी आहेत म्हणून प्रत्येक रक्त गाठींचंच असतं असं नाही. आतल्या अस्तराचा तुकडा काढून आधी तपासू." सोमवारी बोलावलं. सोमवार यायच्या आत, सिरसाळ्याच्या बाजारात मेथीची जुडी हातात असताना, माझ्या पायांवरून ऊन ऊन काही ओघळलं आणि डोळ्यांपुढं अंधारलं. जीपमध्ये घालून त्याच बाईंच्या दवाखान्यात आणलं म्हणे. रक्त थांबेना, मग रक्ताच्या पिशव्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. तुकडा तपासायचा राहूनच गेला. पिशवीच निघाली.

ऑपरेशननंतर बाईंनी मालकांना आत बोलावलं. त्यांनी पिशवी ट्रेमध्ये उघडून बघितली होती. म्हणाल्या, "गाठी तर आहेतच. पण आतल्या अस्तरात एका जागी मला वेगळं दिसतंय. काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही. ही बरणी लॅबला गेली पाहिजे." प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी होती, लोणच्याला वापरतो तेवढी, आत औषधात बुडवलेली माझी पिशवी. आमच्याकडे अशी बरणी नातेवाइकांनीच पोचवायची असते. मालकांना तेवढ्यात आणखी रक्त आणायला पळायचं होतं. त्यांनी बरणी बाहेर बाकावर बसलेल्या आत्यांच्या मांडीवर ठेवली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मालक रक्त घेऊन आले तेव्हा मांडी रिकामी होती.

"लॅबवाल्याचा मानूस आलता. दिली त्याला," आत्या म्हणाल्या. असा माणूस दवाखान्यात येतो हे सगळ्यांना माहीत. मालकांचा विश्वास बसला. संध्याकाळच्या जीपनं आत्या घरी गेल्या.

मला घरी आणलं आणि मधल्या खोलीत बाजेवर टाकलं. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, पायरी चढायची नाही. बाजेवरून दोनच गोष्टी दिसायच्या. पुढच्या दारातून गल्लीचा एक तुकडा, मागच्या दारातून न्हाणी आणि तिच्यामागची ओली जागा. दारं दोन्ही उघडी आणि मी मधोमध जखडलेली. वेगळं म्हणजे काय, हे विचारायला कुणी नव्हतं. मालकांना विचारलं तर ते म्हणायचे, "रिपोर्ट येऊ दे." मी रात्रंदिवस पोटावर हात ठेवून पडायचे. जिथं ती होती तिथं आता काही नाही, आणि जिथं काही नाही तिथून मी काय ऐकणार?

आठव्या दिवशी टाके काढायला गेलो. बाईंनी पहिलंच विचारलं, "रिपोर्ट?"

मालक म्हणाले, "तुमच्याकडं आला असंल की. लॅबचा माणूस घेऊन गेलता."

बाईंनी लॅबला फोन लावला. मग दुसऱ्या लॅबला. फोन ठेवून आमच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "बरणी कुणाकडंच पोचलेली नाही. आजार आहे का, असला तर कसल्या जातीचा, भिंतीत किती खोल शिरलाय, पुढं काय करायचं, हे सगळं त्या बरणीत आहे. तुकडा हरवला तर दुसरा घेता येतो. पिशवी पुन्हा काढता येत नाही."

येताना जीपमध्ये मालक त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण होतं ते बोटांवर मोजत होते. सकाळी उठून त्या लॅबवाल्या माणसाला शोधायला पुन्हा तालुक्याला गेले.

मी बाजेवर पडून मागच्या दारातून बघत होते. आत्या न्हाणीमागं गेल्या, तांब्यातलं पाणी सोडलं, वाकून काहीतरी केलं आणि बोटं पदराला पुसली. घरी आल्यापासून हे मी बघत होते आणि बघूनही बघत नव्हते. त्या जागी माझ्या तिन्ही बाळंतपणांची वार पुरलेली आहे. मूल झाल्यावर पाठोपाठ पडते ती वार आमच्याकडं उकिरड्यावर टाकत नाहीत. न्हाणीजवळ ओल्या जागेत खोल पुरायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवायचा आणि पाणी घालायचं. ते जुने धोंडे केव्हाच मातीत रुतलेत. आज मला तिथं एक कोरा धोंडा दिसला. त्यावर हळद-कुंकू होतं.

मी कोपरावर रेलून आत्या आत यायची वाट बघितली.

आत्या आत येऊन सुपात ज्वारी निवडायला बसल्या. जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्या, न्हाणीमागं काय पुरलंय?"

सूप थांबलं नाही. "काय पुरायचंय? उंदीर मेलता."

"मग उंदराला हळद-कुंकू कावून लावताय?"

जाऊ फस्सकन हसली. "लई मानाचा उंदीर दिसतोय आत्या. बारसं बी जेवलाव का त्याचं?"

सूप खाली ठेवलं गेलं. आत्या माझ्याकडं बघेनात. ज्वारीतला एक खडा बोटात धरून त्याच्याकडंच बघत म्हणाल्या, "न्हाई दिली म्या ती कुनाला."

"आत्या!"

"कापायला द्यायची? तुजी तिन्ही लेकरं जिच्यात वाढली, ती परक्या मानसाच्या सुरीखाली? वार पुरतो का न्हाई आपण? मग पिशवी तर वारंची माय हाय. तिला असं वाऱ्यावर सोडायचं?"

"ती तपासायची होती आत्या. मला काय झालंय ते त्याच्यात हाय."

"मला काय ठावं. त्यो म्हणला तपासायची, मला वाटलं तपासत्यात आन् फेकत्यात." मग त्यांनी चुलीकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली नेला. "थोरलीची बघितली व्हती म्या. ट्रेमधी घालून दाखविली, अंगठा घेतला. मागनं म्या पानी प्यायला दवाखान्याच्या मागल्या दारी गेलते. तितं बादली व्हती. दोन कुत्री व्हती."

चुलीवरची भाकरी करपत होती. जावेचा हात तव्यापाशी तसाच राहिला.

"हे तुमी मला कवाच सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"काय सांगू बाई? म्याच तुला नेलती. दसरा तोंडावर आलता. तवापासनं ती बादली डोळ्यापुढनं हालत न्हाई. म्हणलं, हिची तरी नीट पुरू."

कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. जावेच्या जवळ जायला पाहिजे होतं. मी मात्र बाजेवरून अर्धी उठून एवढंच विचारलं, "आत्या, बरणी उघडली का तुमी?" त्या वेळी मला दुसरं काही सुचलंच नाही. आज आठवलं की लाज वाटते.

"उघडायला गेलते. नुसतीच पुरावी म्हणलं. झाकण फिरवलं तर असला वास, डोळ्यात झणझण, नाकात आग. तसंच घट्ट लावलं माघारी. चोळीच्या खणात गुंडाळून बरणीसकट ठिवली."

जावेनं करपलेली भाकरी बाजूला काढली, हात झटकले आणि भिंतीला अडकवलेलं खुरपं घेतलं. "चला," ती म्हणाली, "उंदराला बाहेर काढू."

मी वाकू शकत नव्हते. दाराची चौकट धरून उभी राहिले. तिनं धोंडा लोटला आणि उकरायला लागली. कंबर दुखते म्हणून एका गुडघ्यावर बसली होती. आत्या शेजारी उकिडव्या बसून हातानं माती ओढत होत्या. हातभर खाली हिरवा खण लागला. खण भिजला होता. आतली बरणी जशीच्या तशी होती, औषधसुद्धा गळलेलं नव्हतं. जावेनं ती पदरानं पुसली, उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"बघ धाकटे, तुजी पिशवी," ती म्हणाली. "माज्यापरीस नशिबाची निघाली."

मला बघवलं नाही. आत्या माती टाकून खड्डा बुजवायला गेल्या तर जावेनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या तसाच."

मालक परत आले तेव्हा त्यांना बरणी दिली. ते आईला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर दोन दिवस आत्या जेवल्या नाहीत. बरणी मांडीत धरून मोटरसायकलच्या मागं चुलत दीर बसला आणि दोघं जिल्ह्याच्या लॅबला गेले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, औषधात बुडालेली होती म्हणून टिकली, आणि ऑपरेशननंतर त्यांनी पिशवी चिरून उघडली होती म्हणून औषध आतपर्यंत पोचलं असेल. असेल, असं म्हणाल्या. तो 'असेल' मी पुढचे बारा दिवस चघळत बसले.

त्या बारा दिवसांत गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. बाजेच्या कडेला बसायच्या, गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि सगळ्या एकच म्हणायच्या, "तवाच काढली असती आमच्यावानी तर आज ही पाळी आली नसती." काढली असती तर पंधरा वर्षं कंबर धरून हिंडले असते. काढली नाही तर हे. जिकडं वळावं तिकडं भिंत होती. जाऊच एकीला म्हणाली, "व्हय की. आपल्याला तर काढून लईच सुख लागलंय. तू कालच उडी मारून गुळाचा डबा काढलास न्हवं फळीवरनं?" ती बाई चहा न घेताच गेली.

रिपोर्ट आला. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, मालकांना उभंच ठेवलं. कागद इंग्रजीत होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर पेनानं उलट्या नासपतीसारखी पिशवी काढली.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "आतल्या अस्तराचा. पण भिंतीत वरवरच शिरलाय, बाहेर पडलेला दिसत नाही. पहिल्याच पायरीवर सापडलाय."

मी विचारलं, "म्हणजे गाठींचा कॅन्सर झाला?"

"नाही. गाठी साध्याच आहेत. भिंतीची सूजही साधीच. हा तिसरा. एका घरात तीन बिऱ्हाडं राहावीत तसं. एकाचा दुसरा झाला नाही."

"मग दहा वर्षं गाठी ठेवल्या म्हणून..."

"नाही हो." त्या जरा थांबल्या. "एक सांगते, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. ज्या बायकांना असा कॅन्सर आणि सोबत भिंतीची ही सूज असते, त्यांचा आजार बऱ्याचदा लवकरच्या पायरीवर सापडतो आणि त्यांचं पुढं बरं चालतं, असं बघण्यात आलंय. का, ते अजून पक्कं कुणाला माहीत नाही. कदाचित या सुजेमुळं आधीच दुखतं, रक्त जातं, म्हणून बाई लवकर दवाखान्यात येते. कदाचित आणखी काही असेल. तुमचं काय होणार हे मात्र सूज ठरवणार नाही. आजार किती खोल आहे आणि कसल्या जातीचा आहे, त्यावर ते ठरेल. दोन्ही बाबतीत तुमचं बरं आहे."

"म्हणजे सुजेनं मला वाचवलं?"

"बाजारात एवढं रक्त गेलं नसतं तर तुम्ही सोमवारी आला असता का?"

मी खाली बघितलं. सोमवारी न जाण्यासाठी काय कारण सांगावं, तेच शोधत मी त्या दिवशी बाजारात हिंडत होते. हे मालकांनाही माहीत नव्हतं.

निघताना मी मनातलं सरळच विचारलं, चूक माझी का? बाई म्हणाल्या, "पिशवी ठेवलीत त्यात चूक नाही. वर्षभर डाग अंगावर काढलेत त्यात आहे." इतकं सरळ मला कुणी कधी बोललं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या ओरडल्या, "वाकायचं नाही सांगितलंय ना!"

पुढं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तीन वेळा आतून किरण दिले. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. मोठा मुलगा चाकणला कंपनीत आहे. प्रत्येक वेळी गावाकडून दिवसभराचा एसटीचा प्रवास नको म्हणून त्यानं मला इथंच ठेवून घेतलंय. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. तो आणि सून कामाला, नातू शाळेला गेला की मी आतून कडी लावते, लागली का ते दोनदा बघते, आणि बसते. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. ओळखीचं कुणी नाही. गावी बाजेवरून निदान न्हाणी तरी दिसायची. दिवस जात नाही तेव्हा नातवाच्या जुन्या वहीत हे लिहिते. तक्रार करायला जागा नाही, जिवंत आहे. किती जणांच्या हातांनी जिवंत आहे हे आठवलं की गहिवरून येतं. त्यात आत्यांचं नाकसुद्धा आलं. त्यांना तो वास सोसला असता तर माझं काही कुणाला कळलं नसतं.

मोठ्या दवाखान्यानं लॅबकडून पिशवीचे तुकडे मागवले होते. मेणात बसवलेले, छोट्या चौकोनी वड्यांसारखे. बघून झाल्यावर त्यांनी ते एका डबीत घालून माझ्या हातात दिले आणि सांगितलं, जपून ठेवा, पुढं कधी लागतील.

काल आत्यांचा फोन आला होता.

"उद्याच्याला तपासनी ना गं?"

"उद्या न्हाई आत्या, परवा."

"बरं. येताना त्या वड्या घिऊन ये. खड्डा अजून तसाच हाय."

"न्हाई आणता यायच्या. डॉक्टर म्हणतात जपून ठेवा. परत काय निघालं तर त्यातूनच बघावं लागंल."

"कवर?"

"पाच वर्षं तरी म्हणतात."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज आला. मग आत्या म्हणाल्या, "तवर म्या कुठली असायला. बरं, थोरलीला सांगून ठिवते. तिनं त्या खड्ड्याच्या कडंला आपल्या नावाचा एक धोंडा मांडलाय. रोज पानी घालती. म्या काय बोलत न्हाई."

मी फोन ठेवला. उन्हाळा लागलाय. वरच्या मजल्याची खोली, पत्रा तापतो. मेण वितळेल म्हणून मी डबी ट्रंकेतून काढून माठाच्या तिवईखाली, गार फरशीवर ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, ते इतकं लवकर वितळत नाही." मला पटलं. तरी पाणी घ्यायला गेले की मी डबी उघडते, वड्यांची टोकं बोटानं चाचपते, कडक आहेत ना बघते, आणि झाकण घट्ट लावते. तपासणी उद्यावर आलीय.